नागपूरवर बेतलेलं महानगर गेममध्ये मोठं का वाटत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातले तीन विद्यार्थी पोकेमॉनच्या वळणाचा, जीव पकडून पाळायचा आणि लढवायचा गेम बनवत आहेत. त्यातलं सगळ्यात मोठं शहर नागपूरवर बेतलेलं आहे. पोकेमॉन एक्स आणि वायमधल्या लुमिओज सिटीसारखा त्यांनी गोल नकाशा केला: मधोमध झिरो माइल हा नागपुरातला जुना दगडी खांब, भोवती गोल रस्ता, आत येणारे आठ रस्ते आणि तीनशेच्या वर इमारती. ज्यांना खेळायला दिलं ते म्हणतात, शहर रिकामं वाटतं आणि वाट सापडत नाही. ‘दादा, अजून इमारती टाकायच्या का?’ असं तिघांनी विचारलंय.

टाकू नका. आहेत त्यातल्या निम्म्या काढा. का, ते सांगतो. जरा लांबेल, कारण हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. १६ वर्षं लेव्हल डिझाइन, म्हणजे गेममधल्या जागांची आखणी, करतोय, आणि त्याआधी ३ वर्षं नागपुरातच एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लेआउटचे नकाशे काढत होतो. खरं शहर आणि गेममधलं शहर, दोन्ही कागदावर काढून झालेत.

आधी एक हिशेब करू. पोकेमॉनचे पहिले गेम, रेड आणि ग्रीन, १९९६ साली जपानमध्ये गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आले. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा. खेळणाऱ्याचं एक पाऊल म्हणजे १६ पिक्सेलची एक चौकट, म्हणजे एका वेळी पडद्यावर दिसतात १० बाय ९ चौकटी. त्या दुनियेतलं महानगर म्हणजे सॅफ्रन सिटी. तिचा नकाशा ४० बाय ३६ चौकटींचा आहे. आडवे चार पडदे, उभे चार पडदे, सोळा पडद्यांत महानगर संपलं. आता व्हिरिडियन सिटी घ्या. घरातून निघाल्यावर लागणारं ते पहिलं गाव, शांत, झाडाझुडपांतलं. त्याचा नकाशा किती? तोही ४० बाय ३६. एका चौकटीचाही फरक नाही. तरी ज्याने तो गेम खेळलाय त्याला विचारा. व्हिरिडियनला तो गाव म्हणेल आणि सॅफ्रनला शहर. क्षेत्रफळ तेच असताना हे कशाने झालं, हे कळलं की तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हाती आलं.

सॅफ्रन नकाशाच्या मधोमध आहे. उत्तरेला सेरुलियन, दक्षिणेला व्हर्मिलियन, पश्चिमेला सेलाडॉन, पूर्वेला लॅव्हेंडर. कुठून कुठेही जायचं म्हटलं तर सरळ वाट सॅफ्रनमधूनच जाते, आणि नेमकी तीच बंद असते. चारही वेशींवर चौकी, चौकीत शिपाई, आणि शिपाई म्हणतो रस्ता बंद आहे. मग खेळणारा जमिनीखालच्या भुयारी वाटेने शहर चुकवून जातो. आधी उत्तर-दक्षिण, पुढे पूर्व-पश्चिम. म्हणजे ज्या शहरात अजून पाऊल ठेवलेलं नाही त्याच्या खालून तो दोनदा गेलेला असतो! मी शाळेत असताना चुलतभावाने आणलेल्या गेम बॉयवर हा खेळ खेळलो. त्या भुयारात काहीच नाही, नुसती लांब सरळ फरशी. पण वर एक शहर आहे आणि आपल्याला तिथे घेत नाहीत, ही चुटपुट मला आजही आठवते.

चौकी उघडते कशी, तेही बघा. शिपायाला तहान लागलेली असते. सेलाडॉनच्या मोठ्या दुकानाच्या गच्चीवर पेयांचं मशीन आहे. तिथून पाणी, सोडा किंवा लिंबाचं सरबत आणून दिलं की चारही वेशी खुल्या. ना कसली जादूची किल्ली, ना राक्षसाशी झुंज. एका तहानलेल्या माणसाला पाणी. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या गावासाठी यापेक्षा सोयीचं कुलूप मला तरी सुचत नाही. तुमच्या गेममध्ये वेशीवरचा शिपाई पाणी मागणार असेल, तर नागपूरचा खेळणारा ‘काहून?’ म्हणून विचारणार नाही. त्याच्या वाटेवर पाणपोई ठेवा, लाल कापड गुंडाळलेले रांजण ठेवा, आणि रांजण दुपारी रिकामे असू द्या.

आत शिरल्यावरही सॅफ्रन लगेच हाती लागत नाही. टीम रॉकेट या गुंडांच्या टोळीची माणसं दारं अडवून उभी. जिमचं, म्हणजे गावच्या उस्तादाशी लढायच्या आखाड्याचं, दार बंद. मधे सिल्फ कंपनीची इमारत, ११ मजल्यांची, आत एका मजल्यावरून भलत्याच मजल्यावर नेणाऱ्या फरशा आणि कुलूपबंद दारं. तुम्ही सोळा पडद्यांच्या शहरात आलात खरं, पण पुढचा सगळा वेळ एका इमारतीत जातो. शहर आडवं वाढलेलं नाही, उभं वाढलंय. रस्त्यावर घरं मोजकीच, आणि प्रत्येक दारामागे काहीतरी आहे किंवा कोणीतरी ते अडवून उभं आहे. तुमच्या तीनशे इमारतींपैकी किती उघडतात? चौदा, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे खेळणारा वीस दारं ढकलून पाहतो, त्यातलं एखादं उघडतं, आणि एकविसाव्या दारापासून तो दारांकडे बघणंच सोडून देतो. शहर रिकामं वाटतं ते तिथे.

शहराचा आवाज ही दुसरी गोष्ट. १९९९ साली आलेल्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये गोल्डनरॉड हे मोठं शहर आहे. तिथे रेडिओ टॉवर आहे, आणि एकदा रेडिओ हाती आला की त्या टॉवरवरचे कार्यक्रम पुढे रानावनात, डोंगरातही ऐकू येतात. आपण शहर सोडतो, शहर आपल्याला सोडत नाही. त्याच गेममध्ये वाराचं भान आहे: खेळातलं घड्याळ खऱ्या दिवसाबरोबर चालतं, आणि गोल्डनरॉडच्या उत्तरेच्या नॅशनल पार्कात किडे पकडायची स्पर्धा मंगळवार, गुरुवार आणि शनिवारीच भरते. बुधवारी गेलात तर नुसता बगिचा. ज्या गावात कोणत्याही दिवशी सगळं मिळतं ते नकली वाटतं. आठवडी बाजार माहीत असलेल्या आपल्या माणसाला तर लगेच वाटतं.

मग २०१० साली ब्लॅक आणि व्हाइट आले. न्यूयॉर्कवर बेतलेला प्रदेश, आणि त्यात कॅस्टेलिया सिटी. माझ्या मते महानगरात प्रवेश कसा द्यावा याचा पोकेमॉनमधला सगळ्यात चांगला धडा तोच आहे. जंगलातून बाहेर पडलात की लांबच लांब स्कायअॅरो पूल. पुलावर लढाई नाही, जीव लपणारं गवत नाही, नुसतं चालायचं. कॅमेरा दूर जातो, फिरतो, खाली पाणी, समोर इमारतींची रांग. इतका वेळ वरून सपाट दिसणारी दुनिया पहिल्यांदा उंच दिसते. मग शहरात उतरल्यावर दोन्ही बाजूंना भिंतींसारख्या इमारती आणि मधून लगबगीने जाणारी माणसं. ती माणसं तुमच्यासाठी थांबलेली नाहीत, हे महत्त्वाचं. एरवी अशा गेममध्ये प्रत्येक जण जागेवर उभा राहून आपली वाट पाहत असतो. इथे लोक कामाला चाललेत. आणि या घाईच्या रस्त्यांच्या मधेच एक अरुंद गल्ली आहे, तिच्यात एक छोटा कॅफे. मोठ्या रस्त्यांवर चेपून गेलेला जीव त्या गल्लीत शिरला की सैल होतो. रुंद रस्ता रुंद वाटायला शेजारी बोळ लागतो. इतवारीच्या बोळांतून सेंट्रल अव्हेन्यूच्या रुंद रस्त्यावर निघालेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता तुमचं लाडकं लुमिओज. २०१३ साली एक्स आणि वाय निघाले, प्रदेश फ्रान्सवर बेतलेला, लुमिओज म्हणजे पॅरिस. मधे प्रिझम टॉवर, भोवती गोल बुलेव्हार्ड, रंगांच्या नावांचे पाच चौक. सुंदर शहर आहे, मला आवडतं. पण तुम्ही त्याचं नेमकं चुकीचं अंग उचललंत.

त्याचं बरोबर अंग आधी सांगतो. पहिल्यांदा जाल तेव्हा लुमिओजचा फक्त एक भाग खुला असतो, बाकी भागात वीज गेलेली. खेळणारा प्रयोगशाळेत जातो, एक जीव मिळवतो, दोन रस्ते बघतो आणि शहर अर्धवट टाकून पुढे निघतो. कितीतरी तासांनी, वीजकेंद्रातला गोंधळ निस्तरल्यावर, तो परत येतो तेव्हा टॉवर उजळतो आणि उरलेलं शहर उघडतं. सॅफ्रनचीच युक्ती, फक्त शिपायाच्या जागी अंधार. आपल्याकडे लाइट जाणं म्हणजे काय, ते कोणाला समजवावं लागत नाही. ही युक्ती बिनदिक्कत घ्या.

चुकीचं अंग म्हणजे तो गोल. पॅरिसचे रस्ते हौसमनने १८५३ पासून पुढची १७ वर्षं पाडून-बांधून सरळ केले. त्या रस्त्यांची गंमत अशी की रस्त्याच्या टोकाला कमान, घुमट, असं काही ना काही दिसत राहतं. माणूस डोळ्याने चालतो. लुमिओजमध्ये कॅमेरा खाली, पाठीमागे, पडदा हातभर दूर धरलेल्या छोट्या यंत्राचा, आणि मुख्य रस्ता सतत वळणारा. वळणाऱ्या रस्त्यावर टोक कधी दिसतच नाही. दुकानातून बाहेर आलात की आपण डावीकडून आलो होतो की उजवीकडून, ते आठवत नाही, कारण दोन्हीकडे तोच वळसा आणि तशाच भिंती. म्हणून तर शहरात टॅक्सी ठेवल्या, गोगोट या बोकडासारख्या पोकेमॉनच्या पाठीवर बसून जायची सोय ठेवली. ती सोय छान आहे. पण खेळणारा मजेसाठी टॅक्सीत बसतोय की वाट सापडेना म्हणून, हे बनवणाऱ्याने स्वतःला विचारायला हवं. शहर यंत्रालाही जड गेलं होतं: सुरुवातीला लुमिओजच्या काही रस्त्यांवर गेम सेव्ह केला तर तो पुन्हा सुरूच होत नसे, त्याच महिन्यात पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढावा लागला. तीनशे इमारती फोनवर चालवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

हीच चूक मीही केलेली आहे. माझ्या पहिल्या मोबाइल गेममध्ये मी एक गोल बाजार काढला, मधे विहीर, भोवती आठ एकसारख्या गल्ल्या. कागदावर पाहत राहावं असा दिसायचा. ऑफिसातल्या हिशेब बघणाऱ्या ताईंना खेळायला बसवलं. त्या विहिरीला तीन फेऱ्या मारून मला म्हणाल्या, ‘मी आत्ताच इथून गेले ना?’ मी मागे उभा होतो, आणि त्यांचा अंगठा काचेवर घिरट्या घालत होता, ते मी पाहिलं. दोन आठवडे त्या बाजारावर घालवले. आठाच्या तीन गल्ल्या केल्या. एक चढाची, तिच्या टोकाला पाण्याची टाकी. एक उताराची, तिच्या टोकाला नाला. तिसरी सपाट, आणि तिच्यात लोहाराचा घण ऐकू यायचा. ताई पुन्हा बसल्या. नकाशा न उघडता बाजारातली दिलेली चारही कामं करून आल्या.

२०२५ साली आलेल्या लेजेंड्स झेड-एमध्ये बनवणाऱ्यांनी सगळा खेळच लुमिओजमध्ये ठेवलाय. शहराची पुनर्रचना चाललीय, माणसं आणि पोकेमॉन एकत्र राहावेत म्हणून जागोजागी जंगली भाग कुंपणाने राखलेत, रात्री लढायांची स्पर्धा असते. मला त्यातल्या गच्च्या फार आवडल्या. रस्त्यावर वाट चुकलेला माणूस गच्चीवर चढतो, टॉवर कुठे ते बघतो, आणि खाली उतरतो. बारा वर्षांपूर्वीच्या चक्रावण्याला दिलेलं ते खरं उत्तर आहे. मात्र जवळ गेलं की भिंती चित्र चिकटवल्यासारख्या सपाट दिसतात, खिडक्यांमागे कोणी नाही, आणि तिथे मन पुन्हा विटतं.

आता नागपूर. आपल्याकडे रिंग रोड आहे, पण नागपूरकराच्या डोक्यातला नकाशा गोल नाही. कोणाला पत्ता विचारा. ‘शंकरनगर चौकातून सरळ घे, झाशी राणी चौक लागते, तिथून बर्डीत उतर.’ चौकामागून चौक, आणि सगळ्यांच्या शेवटी बर्डी, म्हणजे सीताबर्डी. हे गाव फुलीचं आहे. मेट्रोनेही तेच केलं: ऑरेंज लाइन खापरीकडून ऑटोमोटिव्ह चौकाकडे, दक्षिण-उत्तर, अॅक्वा लाइन लोकमान्य नगरहून प्रजापती नगरकडे, पश्चिम-पूर्व, आणि दोघी एकमेकींना वेगवेगळ्या उंचीवर ओलांडतात सीताबर्डीला. म्हणजे तुम्हाला हवं होतं ते लुमिओज नाही. तुम्हाला हवी होती सॅफ्रन, चार दिशांच्या मधोमध बसलेली. झिरो माइलचा खांब आणि त्याचे चार घोडे हे त्या फुलीचं चिन्ह म्हणून ठेवा, पण खेळणाऱ्याने लांबून बघून दिशा धरावी इतका तो उंच नाही. त्यासाठी बर्डीची टेकडी आहे.

टेकडीवरचा सीताबर्डीचा किल्ला हे तुमच्या गेमला आयतं मिळालेलं रत्न आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांची लढाई तिथेच झाली. आज किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्य माणसाला वर्षातले मोजके दिवसच आत जाता येतं. गावाच्या मधोमध, रोज बसमधून दिसणारी जागा, आणि बंद! गोल्डनरॉडच्या बगिच्याला जसे वार होते तसे किल्ल्याला दिवस द्या. लहानपणी १५ ऑगस्टला आजोबांचं बोट धरून मी वर गेलो होतो. वरून स्टेशनाचे रूळ दिसले होते, आणि आपलं गाव इतकं मोठं आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. खेळणाऱ्यालाही ते तिथूनच कळू द्या.

पूर्व आणि पश्चिम यांच्या मधली रेषा म्हणजे रेल्वे. पश्चिमेला धरमपेठ, अंबाझरी, फुटाळा; पूर्वेला महाल, इतवारी, गांधीसागर. ही रेषा ओलांडायला तुमच्याकडे दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत. रामझुल्यावरून, तारांनी तोललेल्या पुलावरून, वारा खात. किंवा लोहापुलाखालून, मान खाली घालून, हॉर्नच्या गर्दीतून. जोराचा पाऊस झाला की लोहापुलाखाली पाणी साचतं. तुमच्या शिपायाचं दुसरं कुलूप हेच: पावसाळ्यात खालची वाट बंद, आणि पाण्यात पोहणारे जीव मात्र तेव्हाच तिथे सापडतात. सॅफ्रनखालचं भुयार कोरडं होतं, तुमचं ओलं असेल.

शहरात प्रवेश दक्षिणेकडून द्या, वर्धा रोडने. तिथला दुमजली पूल ३.१४ किलोमीटर लांब आहे, गिनीज बुकात त्याची नोंद झालीय: खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. हाच तुमचा स्कायअॅरो. खेळणाऱ्याला मधल्या मजल्यावरून चालवा, डोक्यावरून एक गाडी धडधडत जाऊ द्या, त्याची सावली रस्त्यावरून सरकू द्या, आणि पूल संपत आला की टेकडी दिसू द्या. वाटेत लढाई ठेवू नका, एकही नको. उत्तरेला गड्डीगोदामजवळ तर चार थर आहेत: सगळ्यात खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, सगळ्यात वर मेट्रो. त्या एका जागेवर चार वेगवेगळे जीव राहू शकतात. खालच्या अंधारात वटवाघळासारखे, रुळांजवळ लोखंड खाणारे, पुलाच्या सांध्यांत पारवे, वर तारांतून वीज पिणारे. नकाशावर ती जागा एका टिंबाएवढी असेल. पण खेळणारा तिथे तासभर रमेल आणि बाहेर गेल्यावर सांगेल की शहर फार मोठं आहे.

दुपारबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या शहरावरची तक्रार ‘रिकामं वाटतं’ अशी आहे, आणि मे महिन्यातलं नागपूर दुपारी रिकामंच असतं. बारा ते चार रस्ता पांढरा पडतो. शटर अर्ध्यावर. चौकातला पोलीस झाडाखाली. कुत्रं दुकानाच्या पायरीला पोट टेकून. आणि प्रत्येक घराच्या खिडकीत कूलर. ऐकू येतो तो कूलरचा घरघराट आणि जाळीतून ठिबकणारं पाणी; नव्या वाळ्याचा ओला वास गल्लीभर. मोटर बंद झाली की टाकीत हात घालून बघितलंय कधी? तळाशी गाळ, कडेने शेवाळ, आणि पाणी बोटांना सुखद गार. त्या गाळात एक जीव राहतो असं समजा. घरातली माणसं त्याला हाकलत नाहीत, कारण तो असला की वारा जास्त गार येतो. त्याला पकडायचं तर रस्त्यावर शोधून उपयोग नाही; खिडकीखाली उभं राहून ठिबकण्याचा ताल ऐकावा लागेल, आणि मग घरातल्या काकूंची परवानगी मागावी लागेल. काकू म्हणतील, ‘जून लागू दे बाप्पा, मग घेऊन जा.’ असा एक प्रसंग केलात की ती निर्मनुष्य दुपार भरून जाईल. संध्याकाळी सात वाजता तेच रस्ते माणसांनी ओथंबू द्या. दोन्हींतला फरक जितका मोठा, तितकं शहर मोठं.

माणसं मोजकी ठेवा, पण चालती ठेवा. एका पडद्यावर दहा-बारा जण आपापल्या कामाला जाणारे पुरेत. त्यांच्या तोंडी माहिती घालू नका. ‘इथे जिम आहे’ असं वाक्य कोणी रस्त्यात बोलत नाही. सकाळी तर्रीपोह्याच्या गाडीवर उभं राहून दोन तास नुसतं ऐका. गाडीवाला पोह्यांवर चण्याची लाल तर्री ओततो, वरून चिवडा, कांदा, लिंबाची फोड. आणि प्लेट हातात देताना ‘अजून टाकू?’ एवढंच म्हणतो. गिऱ्हाईकं बोलतात ती एकमेकांशी, अर्धवट. ‘कुठं जाऊन राहिला?’ ‘इथंच.’ तुमच्या गेममधल्या माणसांना असंच अर्धवट बोलू द्या. उरलेलं खेळणारा भरून काढतो, आणि त्याने भरलेलं शहर तुम्ही बनवलेल्यापेक्षा मोठं असतं.

दोन गोष्टी आवर्जून सांगायच्या आहेत. तुमच्या यादीत पिवळी मारबत पकडण्याजोगा जीव म्हणून दिसली. ते काढा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, लोक ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणतात, बाया लेकरांना घेऊन पाया पडायला उभ्या असतात. डबीत भरून लढवायची ती गोष्ट नाही. मिरवणूक ठेवा, जरूर ठेवा: त्या दिवशी महाल-इतवारीचे रस्ते गर्दीने बंद, आणि खेळणाऱ्याला गर्दीबरोबरच पुढे सरकावं लागतं. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेऊन निघालेली पोरं ठेवा. त्यातल्या एखाद्याचा बैल रात्री चालतो, असं करा हवं तर. आणि दीक्षाभूमीच्या आवारात लढाई नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथे खेळणारा येऊ शकतो, बसू शकतो, त्याचे थकलेले जीव शांत होऊ शकतात. संगीतही तिथे थांबवा.

नावांबद्दल: पोकेमॉनमधलं एकही नाव, चित्र किंवा आवाज तुमच्या गेममध्ये राहू देऊ नका, गंमत म्हणूनही नाही. त्यांच्याकडून रचना शिका, सामान उचलू नका.

पुढच्या कामाचा क्रम माझ्या मते असा असावा. आधी गोल पुसा. बर्डीपासून चार दिशांना चार रस्ते ओढा, आणि प्रत्येकाच्या टोकाला लांबून दिसेल असं काहीतरी ठेवा: पाण्याची टाकी, तलावाची चमक, पुलाच्या तारा, मेट्रोचा खांब. इमारती दीडशेवर आणा आणि त्यातल्या चाळीस तरी उघडू द्या. पहिल्या भेटीत फक्त पश्चिम खुली. पूर्वेचा आवाज रुळांपलीकडून ऐकू येऊ द्या, भांड्यांचा, घंटेचा, बाजाराचा, पण वाट देऊ नका. हे सगळं करड्या ठोकळ्यांत करा. रंग, पाट्या, झाडं यांना आत्ता हातही लावू नका.

मग गेम कधीही न पाहिलेल्या पाच जणांना वीस मिनिटं खेळायला द्या. त्यातले दोन तरी नागपूरबाहेरचे असू द्या, कारण नागपूरकर तुमचा नकाशा न बघता स्वतःच्या आठवणीने वाट काढेल आणि तुमची फसगत होईल. वीस मिनिटांनी फोन काढून घ्या, कोरा कागद आणि पेन्सिल द्या, आणि म्हणा, शहर काढून दाखवा. मदत करू नका, शेजारी उभेही राहू नका. जे त्यांनी काढलं ते तुमच्या शहरात आहे. जे काढलं नाही ते तुम्ही कितीही मेहनतीने बनवलेलं असलं तरी अजून शहरात आलेलं नाही. पेन्सिल जिथे थांबली, खोडलं, पुन्हा काढलं, तिथे वाट चुकतेय. मला पुढच्या वेळी गेमची फाइल पाठवू नका. ते पाच कागद पाठवा.